मामीचं गोदाम

रिकामा बसलेला तरुण आणि माझी सोनईची मामी या दोन गोष्टी एका जागी पाच मिनिटं टिकल्याचं उभ्या नेवासा तालुक्यात कुणी पाहिलेलं नाही. पारावर, पानटपरीशी, पुलाच्या कठड्यावर, जिथं म्हणून चार पोरं मोबाईलमध्ये माना खुपसून बसलेली असतील तिथं मामी उगवते, आणि जरा वेळानं तिथं नुसता कठडा उरतो. पोरं तिच्या मागून चालू लागलेली असतात. ती काय म्हणाली असं विचारलं तर त्यांनाही धड सांगता येत नाही. "मामी म्हनल्या चल, म्हनून आलो," एवढंच उत्तर. मी तिचा सख्खा भाचा, तोही एकुलता एक. म्हणजे तिला मामी म्हणायचा कायदेशीर हक्क साऱ्या जगात फक्त मला. पण किराणा दुकानदारापासून सरपंचापर्यंत सगळा गाव आता तिला मामीच म्हणतो, आणि माझे सख्खे मामा मात्र "मामींचे मालक" या नावानं ओळखले जातात. मामांची याबद्दल काही तक्रार नाही. लग्नानंतर त्यांनी तक्रार हा प्रकारच सोडून दिला असावा.

या पोरांना ती नेते कुठं, तर सोसायटीच्या जुन्या खताच्या गोदामात. सोसायटीनं नवीन गोदाम बांधल्यावर हे रिकामं पडलं होतं, आणि रिकामं पडलेलं काहीच मामीला बघवत नाही. तिनं पंचांच्या मागं लागून ते मिळवलं, आत चुना मारला, कुणाकडून जुने संगणक, कुणाकडून शिलाई मशीन, भरतीच्या परीक्षांची पुस्तकं, पळायला जाणाऱ्या पोरींसाठी बूट असं काय काय मागून आणलं, आणि दारावर "युवक-युवती विकास व सहाय्य केंद्र" अशी पाटी लावली. पेंटरचा अंदाज चुकल्यामुळं 'केंद्र' भिंत सोडून खिडकीच्या झडपेवर गेलं आहे, आणि खिडकी उघडली की केंद्र दिसेनासं होतं. पण एवढं लांबलचक नाव घ्यायला सोनईत वेळ कुणाला आहे? सगळे 'गोदाम' म्हणतात. मध्यंतरी एका स्थळाकडच्या पाहुण्यांना मुलाच्या आईनं अभिमानानं सांगितलं, "संध्याकाळी तो गोदामात असतो." पाहुण्यांनी सहानुभूतीनं विचारलं, "पोत्यामागं काय मिळतं?" पावसाळ्यात तिथं अजून युरियाचा वास सुटतो. मी एकदा नाक मुरडलं तर मामी म्हणाली, "खताचीच जागा हाय ती. हितं वाढ चांगली हुती."

मी नगरला बँकेत नोकरी करतो. बाकीच्या नातेवाइकांना माझ्या नोकरीत कर्जाची सोय दिसते, मामीला खोट्या साहेबाची दिसली. दर गुरुवारी संध्याकाळी मी गाडी काढून सोनईला जायचं, गळ्यात टाय बांधून टेबलामागं बसायचं आणि पोरांच्या मुलाखती घ्यायच्या, असा तिचा हुकूम आहे. मी फार प्रेमानं विचारलं की ती मागून ओरडते, "आरं जरा खेकस! खरा सायब असं इचारतो व्हय?" मग मी खेकसतो. घरी माझी बायको म्हणते की गुरुवारी रात्री परत आल्यावरही तासभर माझा आवाज चढलेलाच असतो.

मुलाखती झाल्या की बैठक भरते. मामीच्या बैठकीचा एकच नियम आहे: स्वतःची अडचण सांगायची नाही, दुसऱ्याची सांगायची. ज्याची सांगितली त्यानं 'नाही' म्हणायचं नाही. हा नियम कुठल्या पुस्तकात सापडला म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "पुस्तक कशाला लागतंय? मानूस सोताचं सांगायला लाजतो, आन दुसऱ्याचं सांगायला त्याला लई हुरूप येतो." मग एखादा उठतो आणि सांगतो की शेजारच्या पोराला गणित येत नाही. दुसरी सांगते की मैत्रिणीच्या घरी अभ्यासाला जागा नाही. अडचण सांगून झाली की मामी तिथल्या तिथं इलाज काढते, आणि इलाज रोगापेक्षा जबर असतो. किसनच्या मित्रानं एकदा सांगितलं, "किसन्याच्या तोंडातून अनोळखी मानसापुढं शबुद फुटत न्हाई." मामीनं किसनला पुढच्या आठवडी बाजारात एका भाजीवाल्या बाईशेजारी नेऊन उभं केलं आणि कोथिंबिरीचा भाव ओरडायला लावला. पहिला तासभर तो जुडीला सांगावं तसा पुटपुटत होता. दुपारनंतर त्याला कंठ फुटला. त्या गुरुवारी माझ्यापुढं बसून त्यानं आपलं नाव असं काही सांगितलं की शेजारच्या गिरणीतला माणूस पिठाच्या हातांनी बाहेर येऊन बघून गेला. किसन आता चाकणला कंपनीत आहे. त्याचा फोन आला की मामी मोबाईल हातभर लांब धरते, तरी अंगणातल्या सगळ्यांना त्याची खुशाली कळते.

पण नोकरी लागली, प्रवेश मिळाला, म्हणजे सुटलो असं नाही. गोदामातून परगावी जाणाऱ्या प्रत्येकाला, मग तो मुलगा असो की मुलगी, शेवटची परीक्षा द्यावी लागते. बाजरीची भाकरी करून दाखवायची. कडा चिरायला नकोत, तव्यावर टम्म फुगली पाहिजे, पापुद्रा अलगद सुटला पाहिजे. फौजेत निवड झालेला एक जण काकुळतीला येऊन म्हणाला, "मामी, फौजेत आयतं देत्यात खायला." मामी म्हणाली, "आन आचारी आजारी पडला मंग? देशाला सांगनार का, थांब, मी उपाशी हाय म्हनून?" त्यानं निमूटपणे परात ओढली. नापास झालेल्या भाकऱ्या मामा आणि दारची म्हैस वाटून खातात, आणि भरतीच्या दिवसांत दोघांचीही तब्येत सुधारते. हे खूळ तिच्या डोक्यात आलं ते तिच्या पोटच्या दोन मुलांमुळं. दोघंही शिकायला म्हणून पुण्याला गेली ती तिथलीच झाली. थोरल्याला पहिल्याच वर्षी बाहेरचं खाऊन कावीळ झाली. "माझ्या पोरांना इंग्रजी शिकिवलं, भाकरी शिकवायची ऱ्हायली," असं ती अजून म्हणते, आणि म्हणताना दुसरीकडं बघते.

माणसं जायला निघाली की मामीचं काहीतरी बिनसतं, हे मला खरं तर लहानपणापासून ठाऊक आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडं असायचो. सुट्टी संपून आई मला न्यायला आली की मामी माझ्या कपाळावर हात ठेवायची आणि गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "वन्सं, पोराचं अंग गरम लागतंय. उद्या जावा." उद्याचा परवा व्हायचा. शेवटी आई येताना पर्समध्ये थर्मामीटर आणायला लागली. मामीचा थर्मामीटरवर विश्वास नव्हता. गोदामातलं पोर गेलं की दुसऱ्या दिवशी ती गोदाम झाडायला घेते. स्वच्छ असलं तरी झाडते, सतरंज्या झटकते, पुन्हा झाडते. कुणी विचारलं तर म्हणते, "युरिया निघतोय आजून." गेलेल्यांना ती आपण होऊन कधी फोन करत नाही, नव्या जागी जीव रमू द्यावा म्हणते. पण मोबाईल क्षणभर खाली ठेवत नाही. अंघोळीला जाताना तो मामांच्या हातात देऊन जाते, आणि मामा न्हाणीच्या दाराशी तो धरून उभे असतात.

या सगळ्यांत यास्मिनची गोष्ट वेगळी. तिच्या अब्बांचं गावात गाद्या भरून द्यायचं दुकान. दहावीनंतर ती घरी बसली होती, आणि घरी बसलेली मुलगी म्हटल्यावर मामी तिथं पोचलीच. गोदामात येऊन यास्मिननं बारावी केली, संगणक शिकली, आणि बघता बघता मामीचा उजवा हात झाली. नव्यानं आलेल्या बुजऱ्या पोरांना पहिला चहा तीच द्यायची. मामी अर्धं वाक्य बोलायची आणि उरलेलं यास्मिन पूर्ण करायची. यंदा तिला पुण्यात एका मोठ्या दवाखान्यात नर्सिंगच्या शिक्षणाला जागा मिळाली. अब्बा म्हणाले, पोरगी एकटी परगावी राहणार नाही. मग मामीनं आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं. हे अस्त्र म्हणजे 'बसायला जाणं'. रोज सकाळी ती अब्बांच्या दुकानात जाऊन नव्या कोऱ्या गादीवर मांडी घालून बसायला लागली. यास्मिनचं नावही काढायची नाही. फक्त गिऱ्हाईक आलं की गादी दाबून बघायची आणि कापसाबद्दल आपलं प्रामाणिक मत सांगायची. आठवडा संपायच्या आत अब्बांनी हात जोडले. "मामी, पोरीला पुन्याला पाठवतो. पन तुमी उठा."

इतकं करून मिळवलेली परवानगी, आणि यास्मिन भाकरीत नापास झाली. एकदा नाही, तीन-चार वेळा. सोमवारी पुण्यात हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती, आणि आधीच्या गुरुवारी मी गोदामात पोचलो तेव्हा मामी कोपऱ्यातल्या चुलीपाशी हातातली भाकरी उजेडाकडं धरून बघत होती. "कड चिरलीय," ती म्हणाली. मला तरी चीर कुठं दिसेना. दुसरी आली. "पापुद्रा नीट सुटला न्हाई." मी तो पापुद्रा उचलून खाल्ला. इतकी सुरेख भाकरी मी खुद्द मामीच्या हातची खाल्ली नसेल, पण हे बोलायची माझी छाती झाली नाही. यास्मिननं परात धुतली, पदरासारखी ओढणी खोचली आणि बैठकीत जाऊन बसली. "पुढच्या वर्षी जाईल," मामी मला हळूच म्हणाली. "कच्ची हाय आजून पोर."

बैठक सुरू झाली. नेहमीप्रमाणं कुणाचं गणित, कुणाची सायकल असं चाललं होतं. मग यास्मिन उठली.

"मला एकीची आडचन सांगायचीय."

"सांग की. कुनाची?"

"तुमची, मामी."

सतरंजीवरची सगळी डोकी वर झाली. मामीची अडचण आजवर कुणी सांगितली नव्हती. तसं सांगता येतं हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. यास्मिन बोलत राहिली. "मामीच आमाला घरातून उठवत्यात, शिकवत्यात, आमच्यासाठी भांडत्यात. आन आमी निघालो का त्यांच्या पोटात तुटतं. युरिया कवाच संपलाय. मी त्यांच्याबरोबर झाडलंय, मला ठाव हाय. त्या रडायला झाडत्यात." मग ती म्हणाली, "आन माझी भाकरी चांगली हुती."

 नियम मामीचाच होता, 'नाही' म्हणता येत नव्हतं. एवढी बोलणारी बाई, पण नुसती सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिली. मला गळ्यातला टाय काढून टाकावासा वाटला. शेवटी कुणीतरी पोर नेहमीच्या सवयीनं बोलून गेलं, "मंग याच्यावर इलाज काय, मामी?"

"याला इलाज नसतो रं," मामी म्हणाली. "आसता तर माझ्या दोघांच्या येळंलाच केला असता." मग तिनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि एकदम खेकसली, "बसलीस काय? घाल तवा."

यास्मिननं भाकरी केली. ती तव्यावर फुगली तशी सगळी पोरं ओरडली. मामीनं ती सगळ्यांसमोर मोडली, एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली. "पास," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून चूल पुसायला लागली.

रविवारी दुपारी मीच दोघींना घोडेगावला फाट्यावर नेलं. अब्बा आधीच एक नवी गादी वळकटी करून घेऊन आले होते. तिच्यात कापूस कसला आहे हे बघायला मामीनं या वेळी बोट लावलं नाही. एरवी ती पोरांना फाट्यावर सोडून गाडी यायच्या आतच मागं फिरते, गेलेली गाडी तिला बघवत नाही. त्या दिवशी थांबली. पुण्याची गाडी आली, यास्मिन चढली, खिडकीतून तिनं फडक्यात बांधलेलं काहीतरी मामीच्या हातात दिलं. गाडी पार दिसेनाशी झाली तरी मामी रस्त्याकडंच बघत उभी होती.

परतताना तिनं मांडीवर फडकं सोडलं. आत भाकरी होती आणि मिरचीचा ठेचा. मला अर्धी दिली, अर्धी स्वतः खाल्ली, कणसुद्धा ठेवला नाही. "जरा कच्चीच हाय, न्हाई का?" म्हणाली. मी म्हटलं, "हो, जराशी." 

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मामा ओट्यावर बसले होते. दुसऱ्या दिवशी माझी बँक होती, म्हणून मी उभ्या उभ्याच चहा घेतला आणि निघतो म्हणालो. मामी दारापर्यंत आली. गोदामाची किल्ली तिच्या हातात होती, झाडू कोपऱ्यात उभा होता. तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पिकलेल्या केसांखाली कपाळावर हात ठेवला आणि तोच जुना गंभीर चेहरा करून म्हणाली,

"अंग गरम लागतंय रं. उद्या जा."

मी कपाळावरचा तिचा हात तसाच राहू दिला, आणि "हो मामी, कणकण वाटतेय खरी," असं म्हणून पायातले बूट काढले.