पेवावरचा कंदील

धुळ्याच्या देवपुरात भर दुपारी पेटता कंदील घेऊन फिरणारी एकच बाई होती. त्या आमच्या अक्का, तुमच्या आजोबांच्या आत्या. नव्या माणसाला वाटे, बाईंचं डोकं फिरलं आहे. जुनी माणसं मात्र रस्ता सोडून बाजूला उभी राहत, कारण अक्कांचा कंदील निघाला म्हणजे कुणाचं तरी पेव उघडायचं असे. पेव तुम्ही पाहिलेलं नाही. ते जमिनीत खणलेलं ज्वारीचं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत खोलीएवढी पोकळी. बंद पेवात विषारी हवा साचते. घाईने उतरलेला माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. म्हणून आधी दोरीने कंदील सोडायचा. तो तेवत राहिला तरच माणूस उतरवायचा. "पहिले दिवा, मंग मानूस," असं अक्का म्हणत.

हे त्यांचं सगळ्याच बाबतीत असे. माझ्या नणंदेला असोद्याचं स्थळ आलं. घरदार आणि केळीची बाग पाहून सगळे खूश झाले. अक्का मात्र काही निमित्त काढून त्या घरी मुक्काम करून आल्या. "दिवा इझना नही," त्यांनी सांगितलं. "सासू रागीट शे, पन खोटी नही. द्या पोर."

परवा तुम्ही राहता तिकडच्या समुद्री वादळाची बातमी वाचली. घरं-दुकानं उघडी पडली, लोक दुकानं फोडू लागले, पहारे बसले, हे वाचताना मला अक्काच आठवल्या. माझ्या लग्नानंतर थोड्याच वर्षांनी धुळ्यावर असंच वादळ आलं होतं. छपरं उडाली, पांझरा नदी चढली आणि देवपूर पलीकडच्या शहरापासून तुटलं. पोलीस, दवाखाना, बाजार सगळं पलीकडे. नदीकाठच्या झोपड्या वाहून गेल्या होत्या. ती माणसं शाळेच्या ओसरीत भिजलेल्या पोरांना घेऊन बसली होती. विहिरींत गढूळ पाणी शिरलेलं. त्यात दरोडेखोर येत असल्याची आवई उठली आणि व्यापाऱ्यांची मुलं काठ्या घेऊन उभी राहिली.

अक्कांनी शाळेतल्या माणसांसाठी घरातल्या धान्याच्या कणग्या रिकाम्या केल्या. मी आणि जावा दिवसभर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होतो, पण त्या किती पुरणार? आमचं पेव उघडायचं ठरलं, तेव्हा समोरचे व्यापारी, ज्यांना सगळे नाना म्हणत, समजवायला आले. पोलीस येईपर्यंत पेव झाकून ठेवा, आज धान्य द्याल तर उद्या हेच लोक घर लुटतील, असं त्यांचं म्हणणं. अक्कांनी त्यांच्या दाराच्या रिकाम्या चौकटीकडे पाहिलं. कवाडं वाऱ्यानं नेली होती. मग आता राखता काय, नाना, असं त्यांनी शांतपणे विचारलं.

पेवावरचं झाकण काढलं तेव्हा गल्ली माणसांनी भरली होती. आत पाणी मुरलेलं, आंबूस वाफ वर येत होती. अक्का म्हणाल्या, आज कुणी उतरायचं नाही. लोक खवळले. ही श्रीमंतांची चाल आहे, पोलीस येईपर्यंत दिवस काढताहेत, असं कुणी बोललं. नदीकाठचा भिला नावाचा गडी कमरेला दोर बांधून पुढे आला. काठ्यावाले सरसावले. अक्का दोघांच्या मध्ये पेवाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी कंदील खाली सोडला. थोडा उतरला आणि विझला. वाऱ्याने गेला, भिला म्हणाला. त्यांनी पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा विझला.

"भूक शे, माले ठाऊक शे," अक्का म्हणाल्या. "पन तू खाले गया, तर तुन्हा पोरेस्ले भाकर कोन दी?"

भिलाने दोर सोडला आणि तिथेच बसला.

मग अक्कांनी त्यालाच पेवाचा राखणदार नेमलं. काठ्यावाल्या पोरांना कडुनिंबाची डहाळी दोरीला बांधून दिली आणि हवा हलावी म्हणून ती पेवात खालीवर करायला लावली. जेवायला भिलाला आणि त्या पोरांना एकाच टोपलीतली भाकर. दुसऱ्या दिवशी कंदील तळाशी तेवत राहिला आणि भिला उतरला. कडेची ज्वारी नासली होती, मधली खाण्याजोगी निघाली. भाकरी आंबट लागत होत्या. कुणी तोंड वाकडं केलं नाही. संध्याकाळी नानांनी निरोप धाडला, जमलं तर आमच्या पेवाकडेही कंदील घेऊन या. नदी उतरल्यावर पोलीस आले, तेव्हा त्यांना पहारा द्यायला काही उरलं नव्हतं. अक्कांनी त्यांनाही जेवायला बसवलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी अक्का अंथरुणाला खिळल्या. मी पायाशी बसून डोळे पुसत होते, तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाल्या, "रडू नको. मी पहिले उतरस. माले दिवा समज. तुम्ही बठ्ठा जन घाई करू नका."

त्यांना नेलं तेव्हा भर दुपार होती. भिला म्हातारा झाला होता, तरी सगळ्यांच्या पुढे तोच चालत होता, हातात अक्कांचा पेटता कंदील घेऊन. रस्त्यातली माणसं नेहमीसारखी बाजूला उभी राहिली.