नुसतं मॅडम टाक

"आडनाव काढ रे तेवढं. नुसतं मॅडम टाक."

लातूरच्या प्रेसमध्ये मालक अप्पा त्यांच्या डिझायनरला म्हणाले. माझ्यासमोर. प्रेसमध्येच भरणारा वेब डिझाइनचा क्लास माझा, फ्लेक्स माझ्या क्लासचा, आणि माझंच आडनाव पुसलं गेलं. वर माझी समजूत काढली. "वाईट वाटून घेऊ नका. लोकं लई चौकशा करतात. पोरं येणार न्हाईत."

जळकोटकडचं आडनाव. ऐकलं की जात कळते. नांदेडला वेब डिझाइन शिकून आले होते, काम हवं होतं. मान डोलावली.

फ्लेक्स लागला. हात जोडलेले पाच चेहरे. वर गॉगलवाले साहेब, त्यांच्या खाली अप्पा. शिकवणार मी, झळकणार हे. यातल्या एकालाही धड माउस धरता येत नाही.

क्लासला आले ते लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स करणारे. हात तयार होता त्यांचा. पण कागदावर ठेवलेली गोष्ट हलत नाही, ही सवय हाडात मुरलेली. वेबचं पान पडद्याप्रमाणे बदलतं, हे काही पटेना. म्हटलं, तुमचाच एखादा वाढदिवसाचा फ्लेक्स वेबवर करा. केला. कॉम्प्युटरवर साहेब मोठे, कार्यकर्ते खाली बारीक. मोबाइलवर उघडला तर सगळे एकाखाली एक, एकाच मापाचे.

पोरं हसायला लागली. मागे उभे असलेले अप्पा खवळले.

"साहेब आन् ही चिल्लर पोरं एका मापाची? चालत न्हाई असलं. ज्याची त्याची जागा ठरलेली असती, मॅडम."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आडनाव काढतानाही यांच्या मनात हेच होतं. माझी जागासुद्धा हेच ठरवून बसले होते, आणि मी मान खाली घालून तिथं बसले होते.

"मोबाइलवर बी साहेब मोठेच दिसले पाहिजेत. येतं का न्हाई तुम्हाला?"

"येतं. करणार न्हाई. आन् फ्लेक्सवर माझं पूर्ण नाव लावा. न्हाईतर मी उद्या येत न्हाई."

"एवढा माज?"

"हाव, हाय माज."

नाव लागलं नाही. मी गेले नाही. बाईला माज चढला, असं अप्पा गावभर सांगून राहिलेत. सांगू देत.

आता कुणीही शिकवायला बोलावलं की आधी अट घालते. नाव पूर्ण लागेल, आडनावासकट. ते वाचून ज्यांचे पाय दारातून मागे फिरतात, त्यांनी जन्मभर लग्नपत्रिकाच छापत बसावं. मी त्यांना एक अक्षर शिकवणार नाही.