व्याह्यांचा ऊस, माझा फोन

आमच्या व्याह्यांइतका सावध माणूस नीरेच्या या तीरावर जन्मला नाही, आणि त्या तीरावर कुणी जन्मायचा असेलच तर तो जन्माला यावं की न यावं याचा अजून विचार करत बसला असेल. अंथुर्ण्याला त्यांची बागायत आहे, बारामतीत माझं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे, आणि माझी मुलगी त्यांच्या घरात दिली आहे. ही सोयरीक जमायला चार बैठका लागल्या. दर खेपेला यायचे, पोहे खायचे, मुलीला मागच्याच खेपेचा प्रश्न विचारायचे आणि "कळवतो" म्हणून टोपी सारखी करत उठायचे. चौथ्या खेपेला बायकोनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "ह्यांना पोरगी बघायची हाय का पोह्यातलं शेंगदाणं मोजायचं हायेत?" बाहेरच्या खोलीतून शांत आवाज आला, "शेंगदाणं बरोबर हायेत, विहीणबाई." 'विहीणबाई' ऐकलं तेव्हा आम्हाला होकार कळला.

छताचा पंखा घ्यायला गेले तेव्हा सकाळी दहाला दुकानात त्या पंख्याखाली खुर्ची टाकून बसले, ते थेट शटर ओढेपर्यंत. दुकानदारानं आपल्या डब्यातली भाकरी त्यांना वाढली. उठताना म्हणाले, "वारं झ्याक हाय, पण दुपारच्याला जरा दमल्यावानी वाटला." दुसऱ्या दिवशी शेजारच्या पंख्याखाली! म्हैस घ्यायची तर तिच्याजवळ तीन दिवस मुक्काम. शेवटी म्हैसच कंटाळून त्यांच्या मागं चालू लागली, असं कळसला दिलेली त्यांची बहीण सांगते. ती बाई खोटं बोलणारी नाही. आमच्या नात्यात ते खातं माझ्याकडे आहे.

अशा माणसाच्या हातात त्यांच्या मुलानं, म्हणजे आमच्या जावयानं, कॅमेऱ्याचा फोन दिला, आणि तिथून पुढं जे झालं त्याला मुलगाच जबाबदार. व्याही निसर्गाचे वगैरे फोटो काढत नाहीत. ते पुराव्याचे फोटो काढतात. घराला कुलूप लावलं की कुलपाचा फोटो. मग वाटेत शंका आली, की गाडी बाजूला घेऊन फोटो बघायचा, कुलूप आहे म्हणून हुश्श करायचं आणि पुढं जायचं. लग्नाला गेले की मांडवाबाहेर काढलेल्या चपलांचा फोटो. दर सोमवारी त्याच बांधावरून त्याच उसाचा फोटो. "पाव्हणं, ऊस वाढताना दिसत न्हाय," ते मला समजावून सांगत, "पण दोन सोमवार शेजारी ठिवलं की त्याची चोरी कळती."

होता होता फोन भरला. इतका भरला, की माझ्या मते तो वजनालाही जड लागत होता. माझ्या मुलीनं आपल्या सासऱ्यांना उपाय सांगितला, "तात्या, महिन्याला थोडे पैसे भरायचे. सगळे फोटो ऑनलाइन राहतात. फोन विहिरीत पडला तरी जात नाहीत, आणि या फोनात काढलेला फोटो आपोआप दुसऱ्या फोनात पण दिसतो."

"महिन्याचं? म्हंजी भाडंच की. अन् भाडं थकलं तर सामान रस्त्यावर?"

"तसं एकदम नाही काढत."

"ठिवणार कुठं? गाव सांग."

"गाव कसं सांगू? कंपनीचे मोठे मोठे कॉम्प्युटर असतात. परदेशात असतील."

"सूनबाई, कांदा ठिवायचा तर मी आदी चाळ बघून येतो. वारं कुठनं येतंय, पाणी कुठं गळतंय. अन् हितं समदा माल न बघितलेल्या चाळीत टाकू व्हय?"

मग त्यांनी जनमत घ्यायला सुरुवात केली. एसटीच्या कंडक्टरला विचारलं, कारखान्याच्या वजनकाट्यावर विचारलं. जनावरांच्या डॉक्टरांनी गाईच्या पोटावर हात असतानाच "घेऊन टाका" म्हटलं, तर व्याह्यांनी त्यांचा फोन मागून घेतला आणि आत किती फोटो आहेत ते पाहिलं. अकरा निघाले. "ह्यांना काय कळतंय," म्हणत बाहेर आले. आठ महिने हा खल चालला. एवढ्या वेळात माणूस नवा फोन घेतो, तो फोडतो आणि परत जुन्यावर येतो.

पण फोटो थांबायला तयार नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःची व्यवस्था काढली. आमच्याकडे शेळी अर्धेलीनं देतात. शेळी आपली, सांभाळणार दुसरा, करडं निम्मी-निम्मी. व्याह्यांनी फोटो अर्धेलीनं दिले. एका दावणीला सगळा कळप बांधायचा नाही, हा त्यांचा नियम. लग्नं आणि बारशी कळसच्या बहिणीच्या फोनात. इंदापुरात त्यांच्या शाळेतल्या दोस्ताचं चपलांचं दुकान आहे, तर चपलांचे फोटो त्याच्याकडे. "अरे, मी दिवसभर चपलाच बघतो," तो भला माणूस कळवळून म्हणाला, "रात्री फोन उघडला तर त्यात पण चपलाच?" व्याही म्हणाले, "भाई, म्हणून तर तुझ्याकडं. तुला जोड कळतो."

माझ्या वाट्याला ऊस आला. माझा फोन उघडला की समोर हिरवंगार रान. गिऱ्हाईकाला मोटारीच्या जळालेल्या कॉइलचा फोटो दाखवायला जावं तर आधी सत्तर सोमवार ओलांडावे लागत. दर बाजारच्या दिवशी व्याही मोटारसायकलवर पंचवीस-तीस किलोमीटर तुडवत यायचे, पेरूची पिशवी माझ्या स्टुलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "काढा फोन." मग शेळ्या मोजाव्यात तसा एकेक सोमवार बोटानं पुढं सारत मोजणी. मधे चहा. मग घरी जेवण. मग पुन्हा चहा. मग उसाला पाणी कमी पडलं, नातवानं पाटी फोडली, गावात कोण कुणाशी बोलत नाही. चार वाजता ते उठत तोवर माझं एकही काम झालेलं नसे. मी बायकोपुढं कुरकुर करी, आणि बायको म्हणे, "मग सकाळपासून रस्त्याकडं कशाला बघत बसता?"

आणि एका दुपारी माझ्या हातून तो प्रकार झाला. एक शेतकरी पाणबुडी मोटार घेऊन दारात उभा, पीक वाळतंय म्हणून घायकुतीला आलेला. तिच्यावरच्या नंबराच्या पट्टीचा फोटो पुण्याला पाठवल्याशिवाय सुटा भाग मिळेना, आणि माझा फोन म्हणतो, जागा नाही. मी घामाघूम झालो आणि एका बोटानं आडसाली उसाचा अख्खा प्लॉट फोनातून साफ केला. कोयता नाही, टोळी नाही. मोटार दुसऱ्या दिवशी सुरू झाली. माझी झोप मात्र बंद पडली. व्याही हे फोटो माझ्या जिवावर स्वतःच्या फोनातून काढून टाकत, हे मला ठाऊक होतं.

बाजारचा दिवस आला. पेरू स्टुलावर. "काढा फोन."

मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.

"किती तुटला?"

"आडसालीचा सगळा."

"परस्पर तोड केलीत, पाव्हणं?" ते अगदी हळू म्हणाले. "कारखाना तरी तोडीची चिठ्ठी धाडतो."

चहा घेतला, पण अर्धाच. जेवायला थांबले नाहीत. संध्याकाळी मुलीचा फोन. "बाबा, काय केलंत तुम्ही? तात्या आले आणि म्हणाले, 'घे ते महिन्याचं. माणसाच्या दावणीचं काय खरं न्हाय.'"

ऊस वाचला होता. एक प्रत त्यांनी माझ्या नकळत कळसला ठेवलेली होती. चपला, लग्नं, ऊस, सगळं गोळा करून मुलीनं ऑनलाइन चढवलं. इंदापूरच्या भाईंनी म्हणे पेढे वाटले. माझा फोन पिसासारखा हलका झाला, आणि पुढच्या बाजारी व्याही आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. यायचं कशाला? मोजायला माझ्याकडे होतं काय? तीन बाजार गेले. माझी सगळी कामं वेळेवर व्हायला लागली. एवढी वाईट सवय मला आयुष्यात कधी लागली नव्हती. त्या न पाहिलेल्या कंपनीवर मी मनातल्या मनात सात पिढ्यांचा राग धरला. एका माणसाची बैठक मोडून ही मंडळी महिन्याचं भाडं घेतात म्हणजे काय!

चौथ्या बाजारी दुकानासमोर ओळखीची मोटारसायकल थांबली. व्याही हेल्मेट न काढताच आत आले. पेरू स्टुलावर.

"फोन काढा. सूनबाईनं दिवाळीला तुमच्या फोनात माझं खातं घातलंय न्हवं?"

घातलं होतं. मी उघडायचं धाडस केलं नव्हतं.

"बघा, कुलपाचा फोटू आलाय का. निघताना काढलाय."

आला होता. अंथुर्ण्याचं पितळी कुलूप, नऊ वाजून पाच मिनिटांचं.

"म्हंजी माझ्या आदी पोचला!" ते खाली बसले. बराच वेळ त्यांनी कंपनीच्या बाजूनं विचार केला. मग म्हणाले, "आज आला. पण पुढच्या बाजारी येईलच असं सांगता येत न्हाय. ह्या महिन्याचं भरलंय. पुढचं भरावं का न्हाय, ते तपासल्याबिगर कसं ठरवायचं? घरी बसून तपासून काय उपेग? माल निघाला तिथंच मोजून काय कळणार? पोचला तिथं मोजला पायजे."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "मोजलाच पाहिजे."

"चहा सांगा."

तेव्हापासून दर बाजारी व्याही एक फोटो पुढं धाडतात आणि त्याच्या मागून तीस किलोमीटर तो पोचला का बघायला येतात. दर महिन्याला भाडं भरावं का यावर जेवणापर्यंत खल होतो आणि 'आणखी एक महिना बघू' इथं मिटतो.

परवा ते हात धुवायला मोरीत गेले तेव्हा मी सहज बोटानं मागं मागं सरकत गेलो. कुलूप. चपला. ऊस. कुलूप. आणि मधेच मी. दुकानाच्या दारात उभा, हातात पाना, रस्त्याकडं बघतोय. फोटो गाडीवरून काढलेला, निघताना. पुढं पुन्हा कुलूप, पुन्हा मी. वर्षभरापूर्वीचा मी, पावसाळ्यातला मी, एकदा तर तोंडात पेरू असलेला मी. दर बाजारचा एक.

व्याही टॉवेलला हात पुसत आले. मी फोन पुढं केला. "हे काय?"

त्यांनी पाहिलं, फोन माझ्या हातातून घेऊन पालथा ठेवला. "वाटंत शंका येती," म्हणाले. मग टोपी सारखी करत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आता जागा लई हाय."

हल्ली ते निघाले की मी पाना खाली ठेवतो, केसांवरून हात फिरवतो, आणि दारात जरा सरळ उभा राहतो.