गुडब्रान्सडालेनमध्ये तांबवेकर

मी आयर्लंडला निघालो तेव्हा वडील, म्हणजे आमचे अप्पा, विमानतळावर आलेच नाहीत. कऱ्हाडच्या घराच्या दारातूनच "पोचलास की कळीव" म्हणाले आणि गाडी सुरू व्हायच्या आत वळून आत गेले. मला फार राग आला होता. ॲथलोनला मास्टर्स करून परत यायचं, असं ठरलं होतं. मग नोकरी लागली, लग्न झालं, रिया इथेच जन्मली.

यंदा अप्पा आमच्याकडे आले तेव्हा मला आयरिश नागरिकत्व मंजूर झालं होतं. शपथ घेतली की भारतीय पासपोर्ट गेला. हे त्यांना सांगायचं धाडस होईना. ॲथलोनची सपाट, सुस्त नदी बघून ते कंटाळले होते, म्हणून सगळे नॉर्वेला गेलो. तिकडे सांगू म्हटलं.

लोगन नदीच्या काठाने आगगाडी तासन्‌तास गुडब्रान्सडालेनच्या खोऱ्यातून जाते. उतारावर काळपट लाकडी घरं, त्यांच्या वर डोंगरात उन्हाळ्यात गुरं नेतात ती कुरणं. अप्पा खिडकी सोडीनात. "आपलं कोयनेचं खोरंच की रं!" इतकं खुशीत त्यांना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

एका शेतघरात उतरलो. मालकीणबाईंनी दिलेलं तपकिरी चीज अप्पांना थेट खव्यासारखं लागलं. बाई सांगत होत्या, पूर्वी इथली माणसं शेताचंच नाव लावत. शेत सोडून दुसऱ्या शेतावर राहायला गेलं, की जुनं नाव तिथेच ठेवायचं आणि नव्या शेताचं घ्यायचं. अप्पांना ते मराठीत सांगताना माझी जीभ अडखळली. आम्ही तांबवेकर. तांबव्यात आमचं शेत आहे आणि मी एकुलता एक. तिथेच शपथेचं सांगून टाकलं.

अप्पांनी हातातलं चीज ताटलीत ठेवलं. मग म्हणाले, "नाव घिऊन जा तू. त्येला कोन अडिवतंय? पर मंग शेत इकून टाकतो मी. कुनासाठी राखू?"

काहीतरी बिनसलंय, हे रियाला कळलं. "यू ग्रँड, आजोबा?" तिने इथल्या आयरिश इंग्रजीत विचारलं, म्हणजे बरे आहात ना. ते तिच्याकडे बघून हसले. माझ्याकडे बघितलं नाही.

अप्पा परत गेले. फोनवर तब्येत, हवापाणी, सगळं बोलतात. शेताला गिऱ्हाईक मिळालं का, हे मी विचारत नाही. विकू नका म्हणावं, तर कुठल्या तोंडाने? शपथविधी जवळ आलाय आणि घास गोड लागत नाही.

घर कुठलं, हे मला आता धड सांगता येत नाही. रियाच्या शाळेत मात्र रोज सकाळी बाई हजेरी घेतात, 'रिया तांबवेकर' असं पुकारतात, आणि जिने तांबवे कधी पाहिलं नाही ती माझी मुलगी आयरिशमध्ये उत्तर देते, "अन्शो." म्हणजे, इथे.