घेतलंकाका

त्यांचं खरं नाव आमच्यापैकी कोणीच घेत नसे. घरातून निघताना, गाडीत बसताना, गाडीतून उतरताना, अगदी लिफ्टच्या दारातसुद्धा ते एकच प्रश्न विचारायचे, "घेतलं का?" काय घेतलं का, हे सांगायची पद्धत नव्हती. समोरचा आपला सवयीने "घेतलं, काका" म्हणून मोकळा व्हायचा. माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, प्रश्नाची आणि उत्तराची गाठ मारली आणि त्यांचं नाव घेतलंकाका पडलं. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "का रे, काही राहिलं का?"

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. आम्ही हॉलंडमधल्या रायस्वाइकला राहायचो आणि काका आइंडहोवनला, चिप तयार करणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत होते. तिशीतली आयटीवाली मराठी मंडळी तेव्हा हॉलंडात पैशाला पासरी होती, पण पन्नाशीतलं जोडपं विरळा. त्यामुळे हे दोघे आपोआप सगळ्यांचे काका-काकू झाले. काकांच्या सायकलला दोन कुलपं असायची आणि ती लावल्यावर ते दोनदा ओढून बघायचे. मी उतावळी बाई. त्यांच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे मला शिक्षाच वाटायची. एकदा तसं बोलूनही दाखवलं, तर म्हणाले, "काळजी कोणीतरी करायलाच लागते गं. तुम्ही लोक करत नाही, म्हणून माझ्या वाट्याला जास्त येते."

त्यांच्या काळजीचं मूळ मला पुढे कळलं. काकूंना काचबिंदू होता. डाव्या बाजूची नजर बरीच गेलेली, उरलेली रोज रात्री डोळ्यांत टाकायच्या थेंबांवर टिकवून धरलेली. त्या हिवाळ्यात डोळ्यांचा दाब पुन्हा वाढला होता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, एकही रात्र चुकवायची नाही, गेलेली नजर परत येत नसते. काका रस्त्याने चालताना नेहमी काकूंच्या डावीकडे असायचे. काकू हसायच्या. "माझ्या डोळ्यांत औषध आणि ह्यांच्या डोळ्यांत तेल," म्हणायच्या.

काकूंनी साताऱ्याच्या शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं होतं. कॉटेज, मेडो, ब्रूक हे शब्द त्यांनी शेकडो मुलांकडून घोकून घेतले, पण त्यातलं काही स्वतः पाहिलं नव्हतं. त्या वर्षी ईस्टरच्या जोडून आलेल्या सुट्ट्यांत काकांनी अचानक ठरवलं, इंग्लंडातलं एखादं जुनं खेडं काकूंना दाखवून आणायचं. जो माणूस ॲमस्टरडॅमला जायचं तरी आठवडाभर हवामान बघायचा, तो बोटीत गाडी घालून समुद्रापार निघाला. आम्हाला सोबतीला बोलावलं. मी विचारलं, "काका, एवढी घाई कसली?" ते हळूच म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं टिकवू. नाही टिकलं तर? म्हणून आधी दाखवून घेतो."

गाडी आमची, डावीकडे स्टिअरिंग असलेली, आणि इंग्लंडचे रस्ते आपल्यासारखे डाव्या बाजूचे. काका मिलिंदशेजारी बसले, म्हणजे पुण्यात ड्रायव्हर बसतो त्या जागी. समोरून ट्रक आला की नसलेल्या ब्रेकवर त्यांचा पाय दाबला जायचा. "मिलिंद, डावीकडे. पुण्यात आहेस असं समज." मिलिंद म्हणाला, "काका, पुण्यात आहे असं समजलो तर कुठूनही जाईन." काकू पोट धरून हसल्या. काका हसले नाहीत.

गाव मात्र चित्रातून उचलून ठेवल्यासारखं होतं. मधाच्या रंगाच्या दगडी भिंती, बुटकी दारं, जुनं चर्च, मधून वाहणारं पाणी. काकू पुलावर थांबल्या, मान वळवून वळवून सगळीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हा तर ओढाच की. आयुष्यभर मुलांना सांगितलं ब्रूक म्हणजे ओढा, पण माझाच विश्वास नव्हता." तेवढ्यात पायरी आली आणि काकांनी त्यांचा दंड इतका घट्ट धरला की त्या कळवळल्या. "अहो, आंधळी नाही झाले मी अजून." अजून म्हणाल्या मात्र, आणि काकांचा चेहरा उतरला. मला त्या माणसाची तेव्हा फार दया आली.

आम्ही दोन रात्री एका विधवा बाईंच्या घरी पाहुणे म्हणून उतरलो होतो. रविवारी नाश्त्याला त्या म्हणाल्या, तुम्ही निघालात की मी घर बंद करून बहिणीकडे ईस्टरच्या जेवणाला जाणार. सामान गाडीत चढलं. काकांनी विचारलं, "घेतलं का?" काकू म्हणाल्या, "घेतलं." मग काकांनी फाटकाशी त्या बाईंना नमस्कार केला. आता, आपल्यातला माणूस निरोप घेताना "जातो" कसा म्हणेल? तोंडातून ते अशुभ निघतच नाही. काकांनी आपल्या "येतो"चं तिथल्या तिथे इंग्रजी केलं, "ओके मॅडम, वी आर कमिंग." बाई जरा गोंधळल्या. कधी, म्हणून विचारलं. काकांना वाटलं, केवढा हा जिव्हाळा. "सून, मॅडम, व्हेरी सून," म्हणाले आणि गाडीत बसले. मी मागच्या सीटवर ओढणी तोंडात कोंबली होती.

दिवसभर आजूबाजूचं बघितलं. लोकरीच्या व्यापाऱ्यांनी बांधलेला जुना बाजार, एका हवेलीची बाग, मग टेकडीवरचा बुरूज. रात्री हार्विच बंदरातून बोट होती. टेकडीखाली चहा घेताना काका पुन्हा म्हणाले, "घेतलं का?" आणि का कोण जाणे, पुढे विचारलं, "ड्रॉप्स?" काकू म्हणाल्या, "ते तुमच्याकडे ना?"

"तू सकाळी घेतलं म्हणालीस."

"अहो, मी शालीचं म्हणाले."

आधीची बाटली आदल्या रात्री संपली होती. नवी, न उघडलेली, थंड ठेवावी लागते म्हणून त्या बाईंच्या फ्रीजमध्ये होती. ईस्टरमुळे औषधांची दुकानं इथे बंद, दुसऱ्या दिवशी हॉलंडातही बंद. आणि बाई घर लावून गेलेल्या. फोन केला तर नुसता वाजत राहिला.

मिलिंदने गाडी पुन्हा त्या गावाकडे वळवली. काका मधूनच पुटपुटत होते, "मीच विचारतो आणि माझंच राहिलं." काकूंनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "एक दिवस चुकला तर काही होत नाही." काका एकदम ओरडले, "तुला काय माहीत होत नाही म्हणून?" त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. माझाही जीव टांगणीला लागला होता. दार बंद असेल तर पुढे काय, हे कोणालाच सुचत नव्हतं.

वळण घेतलं आणि पाहतो तर बाई फाटकाशी उभ्या, कोट घालून, हातात झाकलेलं भांडं, कपाळाला आठ्या. येतो म्हणून सांगितलंत, लवकर म्हणालात, आणि ही काय वेळ झाली, दुपारभर बागेत वाट बघतेय, जेवण हुकलं माझं. मिलिंदने काय घोटाळा झाला ते समजावून सांगितलं. काकांनी काही ऐकलं नाही. ते सरळ स्वयंपाकघरात गेले, फ्रीज उघडला, ते औषधाचं एवढंसं खोकं मुठीत धरलं आणि तिथल्या खुर्चीवर बसून हमसून हमसून रडले. बाई आठ्या विसरल्या. त्यांनी न विचारता चहा ठेवला.

मग काका भानावर आले आणि बाईंचा सण बुडवला म्हणून नवी काळजी सुरू झाली. त्यांना बहिणीकडे पोचवल्याशिवाय ते बोटीकडे जायला तयार होईनात. शेवटी बाई मागे काकूंच्या आणि माझ्या मध्ये बसल्या, मांडीवर ते झाकलेलं भांडं घेऊन, आणि काकू त्यांच्याशी अस्खलित इंग्रजीत ओढ्यांबद्दल बोलत राहिल्या. बोट आम्हाला मिळाली. त्या रात्रीचे थेंब काकांनी केबिनमध्ये स्वतः घातले, बोट हलतेय म्हणून मिलिंदला काकूंचं डोकं धरायला लावून.

काही वर्षांनी दोघे पुण्याला परतले. काकूंची नजर होती तेवढी टिकली. त्या फोनवर नेहमी सांगायच्या, कालच पुस्तक संपवलं, आज सुईत दोरा ओवला. काकांनी स्वतःच्या छातीची तपासणी मात्र पुढे ढकलत नेली. एका सकाळी चहा घेता घेताच ते गेले, काकूंच्या समोर.

मी फोन केला. मूर्खासारखं विचारलं, "काकू, डोळे कसे आहेत?"

"छान आहेत गं," त्या म्हणाल्या. "सगळं स्पष्ट दिसतं. त्यांनी एक रात्र चुकू दिली नाही." मग म्हणाल्या, "त्या एका सकाळपुरतं दिसलं नसतं ना, तरी चाललं असतं मला."