विमानवाल्या कादंबरीची तक्रार

"हे पुस्तक आता कोणाला इश्यू करू नका, मॅडम," सुनंदाताई म्हणाल्या आणि त्यांनी ते काउंटरवर उपडं ठेवलं.

सुनंदा गायकवाड आमच्या अंबरनाथच्या वाचनालयाच्या जुन्या मेंबर. उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहेत. शाळा सुटली की रिक्षाने येतात, दोन पुस्तकं नेतात. खून, अपहरण, बँकेतला दरोडा असं काहीही चालतं. त्या एखाद्या पुस्तकाबद्दल तक्रार करतात हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"पानं सुटलीत का?" मी विचारलं.

"पानं ठीक आहेत. आतलं ठीक नाही."

ती कादंबरी त्या दिवसांत आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणीत होती. तिचं लांबलचक नाव कोणी घेत नसे. सगळे 'विमानवालं' म्हणायचे. कोचीहून मुंबईला येणारं विमान, वादळ, आणि उतरायच्या वेळी चाकं बाहेर येत नाहीत. कोणीतरी मुद्दाम बिघाड केलेला असतो आणि तो माणूस विमानातच बसलेला असतो. इंधन संपत चाललेलं. शेवटी विमान पोटावर उतरतं, आग लागते. केबिन क्रूमधली नैना नावाची मुलगी एका म्हाताऱ्या प्रवाशासाठी परत आत जाते, त्याला बाहेर ढकलते आणि स्वतः बाहेर येत नाही. बाकी सगळे वाचतात.

सुनंदाताई काउंटरपासून हलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या प्रज्ञाचं सिलेक्शन झालंय. केबिन क्रूमध्ये. पुढच्या सोमवारी हैदराबादला ट्रेनिंगसाठी निघायचंय."

"अरे वा. अभिनंदन."

"मी पाठवत नाहीये तिला."

प्रज्ञा त्यांची एकुलती एक मुलगी. बीकॉमनंतर तिने एव्हिएशनचा कोर्स केला होता. इंटरव्ह्यूंना जाऊन दोनदा नापास झाली तरी तिसऱ्यांदा जाणार आहे, हे मला सुनंदाताईंनीच कौतुकाने सांगितलं होतं. आता त्यांनी घरात सांगून टाकलं होतं की जायचं नाही. माय-लेकी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

संध्याकाळी आमचे अध्यक्ष वैद्य साहेब यांचा फोन आला. सुनंदाताईंनी त्यांनाही गाठलं होतं.

"ते विमानवालं काही दिवस आत ठेवा की," ते म्हणाले.

"साहेब, त्याला रिझर्वेशन आहेत. लोक थांबलेत."

"त्यांना दुसरं काही द्या. बाईंच्या शाळेमुळे आपल्याला बालविभागाचे मेंबर मिळतात. कशाला वाकडं घ्यायचं?"

वाचनालयातून पुस्तक काढायची एक पद्धत असते. त्याला आम्ही 'रद्द करणं' म्हणतो. पुस्तक फाटलं, वाळवी लागली किंवा वर्षानुवर्षं कोणी हातच लावला नाही, तर ते रद्द होतं. एका वाचकाला त्रास झाला म्हणून चांगलं धडधाकट पुस्तक रद्द होत नाही. आज हे काढलं तर उद्या डॉक्टरांच्या घरातले हॉस्पिटलवरची कादंबरी काढायला सांगतील. मी हे साहेबांना सांगितलं.

"बरं, मग शनिवारच्या वाचक सभेत घ्या विषय," ते म्हणाले. "काय ठरतंय ते बघू. मीही येतो."

आमची वाचक सभा म्हणजे काही मोठं नाही. वाचनखोलीतल्या खुर्च्या गोल करायच्या, चहा मागवायचा आणि एका पुस्तकावर बोलायचं. मी पहिला प्रश्न नेहमी एकच विचारते, "आवडलं का?"

त्या शनिवारी खुर्च्या कमी पडल्या. सुनंदाताई येणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्या आल्या आणि दाराजवळ बसल्या. थोड्या वेळाने प्रज्ञाही आली आणि समोरच्या बाजूला खिडकीशी बसली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

सुरुवात लालवानीभाईंनी केली. त्यांचा जीन्सचा धंदा आहे. मराठी वाचायला शाळेत शिकले, ते अजून सोडलेलं नाही.

"मॅडम, मी तर एका बैठकीत खतम केलं. दुकानात गिऱ्हाईक आला तर त्याला बोललो, थांब भाऊ, पहिले विमान उतरू दे. एकदम फर्स्ट क्लास."

जोशीबाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्मा पुसला. "गुन्हेगार कोण ते मला सुरुवातीलाच कळलं. जो माणूस सारखा घड्याळ बघतो तोच असणार. आणि भाषा फार धावती आहे. लेखकाला पूर्णविराम द्यायला वेळ नाही."

"विमान पडतंय बाई, पूर्णविराम कुठे देणार?" लालवानीभाई म्हणाले. सगळे हसले. जोशीबाईसुद्धा.

मग सावंतकाका बोलले. ते एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. त्यांना कादंबरीतली यंत्रं आवडली होती. "चाकं हायड्रॉलिकवर चालतात. म्हणजे तेलाच्या दाबावर. सील गेलं की दाब पडतो. आमच्या कारखान्यातल्या प्रेस मशीनचं असंच व्हायचं. लेखकाने अभ्यास केलाय."

"म्हणजे हे खरोखर होऊ शकतं?" दाराजवळून सुनंदाताईंनी विचारलं.

"होऊ शकतं की," सावंतकाका उत्साहाने म्हणाले. "मशीन आहे शेवटी."

मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण त्यांच्या लक्षात आलं नाही. ते त्यांच्या प्रेसच्या एका अपघाताकडे वळणार, तेवढ्यात प्रज्ञा बोलली.

"काका, दाब गेला तरी चाकं स्वतःच्या वजनाने खाली सोडायची दुसरी सोय असते. कोर्समध्ये शिकवलंय आम्हाला."

"ते माहितीय मला. पण लेखकाने तीही बंद पाडलीये."

"तेच ना. दोन्ही बंद पाडल्याशिवाय त्याची स्टोरी पुढे जात नाही." ती जरा चिडलेली होती. "मला नाही आवडलं पुस्तक. क्रूच्या मुली त्यात हात जोडून रडतायत. असं नसतं. विमान रिकामं करायचं असलं की क्रूने जोरात ओरडायचं असतं. बॅगा सोडा, इकडे या, उडी मारा. ओरडायची प्रॅक्टिस करून घेतात. यात एकटी नैना काम करते, आणि तिलाच मारून टाकलंय."

"तू कधी वाचलंस?" सुनंदाताईंनी विचारलं. कितीतरी दिवसांनी त्या मुलीशी बोलत होत्या.

"तू शाळेत गेलीस की वाचायचे."

वैद्य साहेबांनी घसा साफ केला. "सुनंदाताई, तुम्ही माझ्याकडे तक्रार केली होती. पुस्तक फार भीतिदायक आहे, असंच ना?"

"नाही," त्या म्हणाल्या. "भीतीसाठीच नेते मी पुस्तकं."

"मग?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"पायलटची बायको एअरपोर्टवर येते, तिचं एक पूर्ण प्रकरण आहे. विमानात एका मंत्र्याचा भाऊ असतो, त्याला घ्यायला गाड्या येतात. म्हाताऱ्याचा नातू येतो. ज्याने बिघाड केला त्याच्यासुद्धा आईचं लिहिलंय. नैना दोन ओळींत जाते. पुढच्या पानावर सगळे टाळ्या वाजवतायत." त्या थांबल्या. "तिच्या घरी फोन कोणी केला? मी पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं. लिहिलंच नाहीये. तिला आई होती की नव्हती, तेपण नाही."

मी ते पुस्तक वाचलं होतं. माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. जोशीबाईंनी समोरची प्रत उचलली, शेवटची पानं चाळली आणि परत ठेवली.

"खरंय," त्या म्हणाल्या. "मी विरामचिन्हं बघत बसले."

लालवानीभाई खाली बघत होते. "मी पण टाळ्या वाजवल्या होत्या मनात," ते म्हणाले.

सुनंदाताई आता सरळ मुलीकडे बघून बोलत होत्या. "मशीनचं मला सांगू नकोस. ते सावंतकाका बघतील. तू वर असशील आणि मी शाळेत दाखल्यांवर शिक्के मारत असेन. तुझं काय चाललंय ते मला कोण सांगणार?"

प्रज्ञाने पटकन काही कबूल केलं नाही. मला तिचं तेच आवडलं. तिने थोडा विचार केला.

"उतरल्या उतरल्या फोन नाही जमणार, मम्मी. आधी पॅसेंजर उतरवायचे. मग केबिन चेक करायची. अर्धा तास तरी जाईल."

"अर्धा तास चालेल."

"कधी कधी लगेच दुसरी फ्लाइट असते. तेव्हा बोलता येणार नाही. नुसता मेसेज टाकेन."

"काय टाकशील?"

"उतरले, एवढंच."

सुनंदाताईंनी मान हलवली. हो म्हणाल्या की नुसतंच ऐकलं, ते कळलं नाही. चहा आला. पुस्तक ठेवायचं की काढायचं हा विषय नंतर कोणी काढला नाही. वैद्य साहेबांनीही नाही. सगळे निघाले तेव्हा मी खिडकीतून पाहिलं, माय-लेकी एकाच रिक्षात बसल्या. बोलत नव्हत्या, पण सुनंदाताईंनी बॅग दोघींच्या मधे न ठेवता मांडीवर घेतली होती.

सोमवारी प्रज्ञा हैदराबादला गेली. तिला स्टेशनवर सोडून सुनंदाताई शाळेत उशिरा पोचल्या आणि हेडमास्तरांची बोलणी खाल्ली, असं त्यांनीच नंतर सांगितलं. ट्रेनिंग पूर्ण झालं. आता ती उडते. मेसेज रोज येतो असं नाही. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी सुनंदाताई वाचनालयात जास्त वेळ बसतात आणि मी त्यांना काही विचारत नाही.

कादंबरी कपाटात आहे. अजून फिरते. मी प्रकाशकांना ईमेल करून सुनंदाताईंचा मुद्दा कळवला होता. लेखकापर्यंत पोचवतो, असं उत्तर आलं. पुढे नवी आवृत्ती आली, ती मी मुद्दाम मागवून शेवटपर्यंत पाहिली. पूर्णविराम वाढले होते. नैनाच्या घरी अजून कोणी फोन केलेला नाही.

परवा सुनंदाताई आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, काहीतरी चांगलं थरारक द्या. दोन-चार खून असले तरी हरकत नाही. विमान तेवढं नको."

मी दिलं. सभेत 'आवडलं का' हा प्रश्न मात्र मी आता विचारत नाही. त्यावर लोक हो किंवा नाही म्हणतात आणि चहाची वाट बघतात. मी विचारते, कुठल्या पानावर अडकलात? सभा लांबते, आणि चहा दुसऱ्यांदा सांगावा लागतो.