दोनदा धरलेला आधार

आमच्या सरांना आनंदाची बातमी सांगितली की ते अभिनंदन करत नसत. "फुटलं तर?" एवढंच विचारत. पनवेलच्या कॉलेजात पोरांनी त्यांचं नावच 'फुटलंतर सर' पाडलं होतं. त्यांचा विषयही तसाच. दोन अणुकेंद्रं आदळून त्यांचं एक अतिजड केंद्र बनेल का, आणि बनलंच तर फुटण्याआधी क्षणभर तरी टिकेल का, याचं गणित ते आयुष्यभर मांडत होते. प्रयोग परदेशात होत. सरांकडे कळंबोलीच्या घरातला एक कॉम्प्युटर, आणि खिडकीखाली लोखंडाचे पत्रे उतरवणारे ट्रक.

मी जवळच्याच ओवे गावची. त्यांच्याकडे पीएचडी करत होते. ते मला 'बेटा' म्हणत, पण कामात लाड नसत. उत्तर बरोबर असलं तरी कागद पालथा ठेवून म्हणत, "आता न बघता सांग, हे असं का आलं?" सांगता आलं नाही की पुन्हा पहिल्यापासून.

उलव्याला विमानतळ होणार अशी नुसती चर्चा होती, तेव्हाची गोष्ट. सरांचा आणि माझा शोधनिबंध छापून आला होता. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने कळवलं, की तुम्ही सुचवलेल्या ऊर्जेवरच आम्ही प्रयोग लावतो आहोत. त्याच गणितावर उभा असलेला माझा प्रबंध टायपिंगला गेला होता, शिष्यवृत्ती संपत आली होती. आई रोज विचारायची, "तुजं ते कंदी संपनार हाय?"

अशात एका दुपारी सरांनी घरी बोलावलं. भाभींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दार उघडलं आणि आत बोट दाखवलं. सरांचा चेहरा उतरला होता. केंद्राला टिकवून धरणारा एक आधार गणितात दोनदा धरला गेला होता. त्यामुळे ते खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त टिकेल असं दिसत होतं, आणि सुचवलेली ऊर्जाही चुकली होती. तो भाग सरांनी स्वतः लिहिला होता.

मी वाद घातला. या विषयात कुणाचेच आकडे जुळत नाहीत, म्हटलं. आपल्या चुकीकडे कोण बघणार?

"मतभेद वेगळा, बेटा. ही चूक आहे, आणि माझी आहे."

माझ्यासमोरच त्यांनी त्या प्रयोगशाळेला मेल लिहिला. बटण दाबण्याआधी माझ्याकडे पाहिलं. माझा प्रबंध त्यात बुडत होता हे दोघांनाही ठाऊक होतं. मी मान हलवली नाही, पण उठूनही गेले नाही. त्यांनी मेल पाठवला.

उत्तर येईपर्यंतचे दिवस फार वाईट गेले. सरांची अन्नावरची वासना उडाली. शेवटी दोन कोरड्या ओळी आल्या: प्रयोग पुढे ढकलला आहे, नवं गणित पाठवा. कॉलेजात कुजबुज झाली, एका परिषदेतून सरांचं भाषण वगळलं गेलं. त्यांनी ते मला सांगितलंही नाही. रोज माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसत आणि एकेक ओळ तपासत. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, इतका उशीर का? मी तोंड उघडण्याआधी सर उभे राहिले. "माझ्यामुळे," म्हणाले आणि बसले.

पदवी मिळाल्यावर आई तांदळाच्या भाकऱ्या घेऊन त्यांच्या घरी आली. "सर, तुमी माजे पोरीला लय रडवलं," ती म्हणाली. "पन एकटी नाय सोडली." सर भाभींना म्हणाले, यांना जेवल्याशिवाय सोडू नका.

पुढच्याच वर्षी हृदयविकाराने ते गेले. परदेशातला प्रयोग तेव्हा आम्ही कळवलेल्या नव्या ऊर्जेवर सुरू होता. बऱ्याच महिन्यांनी प्रयोगशाळेचा मेल आला, की एक अतिजड केंद्र सापडलं आहे. मी कळंबोलीला गेले. भाभींनी मला तो मेल मोठ्याने वाचायला सांगितला. त्यातलं त्यांना फारसं कळलं नसावं. माझं वाचून झाल्यावर म्हणाल्या, पुन्हा वाच, त्यांचं नाव आहे तिथून.